फोनच्या आत डेस्कटॉप: प्रश्न कुठवर आला आहे?

बंगळूरच्या जुन्या पेठेत, चिकपेटेच्या अंगालाच, एस. पी. रोडचा संगणकबाजार आहे. मॉनिटर, कीबोर्ड, केबली, रॅमच्या पट्ट्या, दुरुस्त करून पुन्हा विकायला मांडलेले लॅपटॉप, सगळे काही त्या अरुंद रस्त्यावर मिळते. आजूबाजूला रेशमी साड्यांचा घाऊक व्यापार, सोन्याचांदीचे व्यवहार, ॲव्हेन्यू रोडवरची पुस्तके. शहाजीराजांना सतराव्या शतकात बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी वस्ती आहे. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची जुनी घराणी इथे नांदली. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरले, तसे इथेही आले. या सगळ्यांच्या खिशात आज जो फोन आहे, त्याची स्मृती दहा वर्षांपूर्वी गल्ल्यावर असलेल्या संगणकापेक्षा बहुधा जास्तच भरेल. मग मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून त्याच फोनवर पुरा डेस्कटॉप का चालवू नये? मोबाइलच्या अँड्रॉइडला हात न लावता, त्याच्या आत एका कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, लिनक्ससारखी डेस्कटॉप प्रणाली बसवता येते. ही चर्चा गेली पंधराएक वर्षे चालू आहे. ती आज कुठे उभी आहे, याचा हा आढावा.

प्रश्नाची मांडणी

फोनवरच्या डेस्कटॉपची चर्चा बरेचदा भरकटते, कारण चार वेगळ्या गोष्टींची त्यात सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे डेस्कटॉपसारखा दिसणारा पडदा. सॅमसंगच्या डेक्समध्ये मोठ्या पडद्यावर खिडक्या उघडतात, पण त्या खिडक्यांत चालतात ती अँड्रॉइडचीच ॲप. दुसरी गोष्ट कंटेनर. यात डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाची सारी फाइलव्यवस्था, तिचे प्रोग्राम, तिचा डेस्कटॉप फोनमध्ये असतो. पण सगळ्याच्या तळाशी असलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अँड्रॉइडचाच वापरला जातो. तिसरी गोष्ट व्हर्च्युअल मशीन. तिथे आतल्या प्रणालीला स्वतःचा वेगळा कर्नल मिळतो. चौथी गोष्ट दूरस्थ डेस्कटॉप. संगणक दुसरीकडे कुठेतरी चालू असतो आणि फोन फक्त त्याचा पडदा होतो.

चिकपेटेतल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर फळ्यांचे आडोसे घालून चार दुकाने थाटावीत, तसा कंटेनर असतो. आडोसा खरा, पण पाया, नळ आणि विजेचे मीटर एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याच आवारात बांधलेली स्वतंत्र खोली. तिला जागा जास्त लागते आणि भिंत जाड असते. पुढचे बरेच वाद या एका फरकाभोवती फिरतात.

पूर्वपीठिका

आडोसे घालण्याची युक्ती फोनहून फार जुनी आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट ही सोय आली. एखाद्या प्रोग्रामला ठराविक फोल्डर हेच सगळे जग आहे असे भासवणे, एवढेच तिचे काम. २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या जेलने त्या भासाला सुरक्षेची जोड दिली. लिनक्समध्ये हे काम दोन अंगांनी झाले. नेमस्पेस नावाच्या सोयींनी प्रत्येक कप्प्याला फाइली, प्रक्रिया, नेटवर्क आणि वापरकर्ते यांचे आपापले चित्र दिले. कोणत्या कप्प्याने प्रोसेसर आणि स्मृती किती वापरावी याचा हिशेब कंट्रोल ग्रुप ठेवू लागले. कंट्रोल ग्रुपचे मूळ काम गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये ते लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत आले.

या इतिहासात बंगळूरचा वाटा मोठा आहे, आणि त्याची दखल फार थोड्या ठिकाणी घेतली जाते. कप्प्यांच्या स्मृतीवर मर्यादा घालणारा नियंत्रक लिनक्समध्ये आणण्यात आयबीएमच्या बंगळूर येथील लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरचे बलबीर सिंग आघाडीवर होते. तो २००८ च्या एप्रिलमध्ये २.६.२५ बरोबर आला. प्रोसेसरचा वेळ गटागटांत वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर तिथल्याच श्रीवत्स वड्डागिरी यांनी काम केले. पुढे २०१३ मध्ये लिनक्स ३.८ बरोबर वापरकर्त्यांची नेमस्पेस पुरी झाली, त्याच वर्षी डॉकर आले आणि कंटेनर हे सर्व्हरचे रोजचे साधन बनले.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. प्रत्येक ॲप स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चालते, आणि समोर उघडलेल्या ॲपला प्रोसेसरचा जास्त वाटा देण्यासाठी अँड्रॉइड कंट्रोल ग्रुपच वापरते. म्हणजे कंटेनरचे अर्धे सामान फोनमध्ये आधीपासूनच आहे. उरलेल्या अर्ध्यावर घोडे अडते. अँड्रॉइडचे वरचे थर नेहमीच्या लिनक्सहून वेगळे आहेत, आणि सर्व्हरवर कंटेनरला लागणाऱ्या काही सोयी, विशेषतः सामान्य वापरकर्त्याला उघडी असलेली नेमस्पेस, फोनच्या कर्नलमध्ये सहसा बंद ठेवलेल्या असतात.

आधीचे प्रयत्न

हातात मावणाऱ्या यंत्रावर लिनक्स चालवण्याचा एक धाडसी प्रयत्न याच शहरात झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांच्या पुढाकारातून सिम्प्युटर आकाराला आला. त्याचा नमुना २००१ मध्ये लोकांसमोर आला आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने अमिडा सिम्प्युटर बाजारात आला. तो फोन नव्हता आणि त्यात कंटेनरही नव्हता. सामान्य माणसाचा संगणक खिशात मावला पाहिजे, ही कल्पना मात्र त्याने फार लवकर मांडली. त्याचा खप अपेक्षेइतका झाला नाही आणि पुढे स्मार्टफोनांनी ती जागा घेतली.

फोनच्या पिढीतला पहिला मोठा प्रयत्न मोटोरोलाचा. २०११ च्या अॅट्रिक्स फोनसाठी त्यांनी पडदा आणि कीबोर्ड असलेली, पण आत संगणक नसलेली खोकी बनवली. फोन त्यात बसवला की वेबटॉप नावाचा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू होई. खोके महाग होते, त्यावरची कामे मोजकी होती, आणि पुढच्या वर्षीच कंपनीने वेबटॉप सोडून दिले. २०१२ मध्ये उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने अँड्रॉइडसाठी उबुंटू जाहीर केले. एकाच कर्नलवर अँड्रॉइड आणि उबुंटू शेजारी शेजारी चालवण्याची ही कल्पना आजच्या कंटेनरच्या फार जवळची होती. पण ती स्वीकारणारा फोन-निर्माता मिळाला नाही आणि २०१४ मध्ये काम थांबले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, याच कंपनीने उबुंटू एज या फोनसाठी लोकवर्गणीतून ३ कोटी २० लाख डॉलर उभे करायला घेतले. सुमारे १ कोटी २८ लाख जमले आणि योजना बारगळली.

आपल्या विषयाला सर्वांत नेमका लागू पडणारा प्रयत्न सॅमसंगचा. २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ बरोबर डेक्स आले आणि त्याच वर्षी त्यावर लिनक्स चालवण्याचीही घोषणा झाली. नोव्हेंबर २०१८ पासून लिनक्स ऑन डेक्स ही चाचणी आवृत्ती काही निवडक फोन आणि टॅबवर मिळू लागली. कॅनॉनिकलच्या एलएक्सडी या तंत्राने बनवलेल्या कंटेनरमध्ये उबुंटू १६.०४ चालत असे. फोनच्या निर्मात्यानेच कर्नलची दारे रीतसर उघडली होती, त्यामुळे फोन रूट करावा, म्हणजे त्यावर प्रशासकाचा पूर्ण ताबा मिळवावा, लागत नव्हता. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये अँड्रॉइड १० च्या अद्ययावतीकरणाबरोबर सॅमसंगने ही सोय काढून घेतली. ज्यांनी तिच्यावर काम उभे केले होते, त्यांच्यापुढे अद्ययावतीकरण टाळायचे की डेस्कटॉप गमवायचा, एवढेच पर्याय उरले.

या प्रयत्नांचा शेवट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक ठिकाणी डेस्कटॉप चालून दाखवला गेला होता. थांबला तो बाजाराच्या गणितापायी किंवा कंपनीच्या निर्णयापायी.

आज उपलब्ध असलेल्या वाटा

कंपन्यांनी सोडलेले काम वापरकर्त्यांनी उचलले. फ्रेड्रिक फोर्नवॉल यांनी २०१५ मध्ये आणलेले टर्मक्स हे ॲप आज या चळवळीचा कणा आहे. त्यात प्रूट-डिस्ट्रो हे साधन घेतले की एका आज्ञेत डेबियन किंवा उबुंटूची फाइलव्यवस्था फोनमध्ये उतरते. मग एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप बसवायचा आणि टर्मक्स-एक्स११ किंवा व्हीएनसीच्या पडद्यावर तो पाहायचा. प्रूट खरा कंटेनर नाही. आतला प्रोग्राम जेव्हा जेव्हा कर्नलकडे काही मागतो, तेव्हा तेव्हा प्रूट ती मागणी मध्येच अडवून तिच्यातला फाइलींचा पत्ता बदलतो आणि मग पुढे पाठवतो. आतल्याला आपण मूळ प्रशासक आहोत असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्या हाती टर्मक्स या ॲपच्याच परवानग्या असतात.

या युक्तीची किंमत कामात दिसते. आकडेमोडीचे काम जवळजवळ मूळ वेगाने होते, कारण त्यात कर्नलकडे जावे लागत नाही. पण शेकडो छोट्या फाइली उलगडायच्या असल्या, उदाहरणार्थ डेबियनमध्ये लिबरऑफिस बसवायचे असले, की प्रत्येक फाइलीला मध्यस्थ आडवा येतो आणि काम रेंगाळते. पार्श्वभूमीतल्या सेवा सांभाळणारे सिस्टमडी चालत नाही, डिस्क जोडता येत नाही, यूएसबीच्या उपकरणांपर्यंत थेट पोहोचता येत नाही.

दुसरी वाट सीएचरूटची. फोन रूट करायचा आणि मध्यस्थाशिवाय डेबियन चालवायचे. लिनक्स डिप्लॉय हे या वाटेचे जुने साधन. वेग उत्तम मिळतो, पण त्यासाठी फोनच्या बूटलोडरचे कुलूप मुळातून काढावे लागते. तिसरी वाट खऱ्या कंटेनरची: लागणाऱ्या सर्व सोयी चालू करून कर्नल नव्याने बांधायचा आणि त्यावर एलएक्ससी किंवा डॉकर चालवायचे. ही वाट फार थोड्यांची आहे, कारण प्रत्येक फोनचा कर्नल वेगळा आणि तो बांधण्याची माहिती प्रत्येक कंपनी नीट देतेच असे नाही.

चौथी वाट गेल्या काही वर्षांत उघडली. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, गूगलने फोनमध्ये व्हर्च्युअल मशीनची अधिकृत चौकट आणली. तिच्या तळाशी पीकेव्हीएम हा हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत चाचणी आवृत्तीवर डॅनी लिन या तरुण विकासकाने गूगलच्या पिक्सेल ६ वर विंडोज ११ चालवून दाखवले. मार्च २०२५ मध्ये पिक्सेल फोनांवर टर्मिनल हे ॲप आले. डेव्हलपर पर्यायांतून ते चालू केले की आत खरे डेबियन सुरू होते. सुरुवातीला फक्त काळा पडदा आणि आज्ञा होत्या, पुढच्या चाचणी आवृत्त्यांत ग्राफिक डेस्कटॉपही दिसू लागला. मे २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइड १६ साठी सॅमसंगच्या साथीने स्वतःची डेस्कटॉप खिडक्यांची व्यवस्थाही जाहीर केली. या दोन गोष्टी जुळून आल्या, तर फोनवरचा डेस्कटॉप प्रथमच मुख्य प्रवाहात येईल. मात्र टर्मिनलची सोय सर्व फोनांवर नाही. क्वालकॉमच्या चिपांवर त्यांचा स्वतःचा हायपरवायझर असतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी फोनांत त्याच चिपा आहेत.

पहिला वाद: भिंत किती जाड हवी

कंटेनरवरचा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा आहे. कर्नल सामायिक असल्यामुळे कर्नलमधले एक भगदाड सगळ्या कप्प्यांना पुरते. मार्च २०२२ मध्ये उघड झालेली डर्टी पाइप ही त्रुटी याचे उत्तम उदाहरण. लिनक्स ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये ती होती. तिने सर्व्हरवरचे कंटेनर धोक्यात आणले आणि पिक्सेल ६ व गॅलेक्सी एस२२ सारखे त्या वेळचे नवे फोनही. हा आक्षेप घेणारे म्हणतात की ज्या फोनवर बँक, आधार आणि कुटुंबाचे फोटो आहेत, तिथे इंटरनेटवरून उतरवलेले हजारो प्रोग्राम त्याच कर्नलवर चालवू नयेत. वापरकर्त्यांची नेमस्पेस सरसकट उघडली तर कर्नलचे आजवर झाकलेले कोपरेही हल्लेखोराच्या हाती येतात, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो हवेतला नाही. उबुंटूने २०२३ च्या २३.१० या आवृत्तीपासून डेस्कटॉपवरसुद्धा ही सोय मर्यादित करायला सुरुवात केली.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही वजनदार आहे. प्रूटसारखी वाट एका सामान्य ॲपच्या चौकटीतच राहते. अँड्रॉइडचे एसईलिनक्सचे नियम आणि ॲपची स्वतंत्र ओळख तिला तशीच लागू असते. तिच्यामुळे फोनला कोणतीही नवी ताकद मिळत नाही. एखाद्या फुकटच्या खेळाच्या ॲपला जेवढी मोकळीक असते, तेवढीच डेबियनला असते. खरा धोका रूट केलेल्या फोनवर आहे, आणि दोघांना एकाच मापाने तोलणे चूक आहे, असे या बाजूचे म्हणणे.

व्हर्च्युअल मशीनमुळे या वादाची धार कमी झाली आहे. वेगळा कर्नल असल्याने आतले भगदाड आतच राहण्याची शक्यता वाढते. पण त्यासाठी स्मृतीचा मोठा वाटा बाजूला काढून द्यावा लागतो. बारा-सोळा जीबीच्या फोनला हे परवडते. सहा जीबीच्या फोनवर डेस्कटॉप, ब्राउझर आणि अँड्रॉइड असा तिहेरी संसार ओढताना दम लागतो.

दुसरा वाद: फोन कोणाच्या अखत्यारीत

हा वाद तंत्राइतकाच हक्काचा आहे. अँड्रॉइड १० पासून, २०१९ मध्ये, नियम आला की नव्या नियमावलीत बसणाऱ्या ॲपने स्वतः उतरवलेली प्रोग्राम-फाइल चालवू नये. प्ले स्टोअरने तपासलेले ॲप नंतर भलतेच काही उतरवून चालवते, हा खरा धोका त्यामागे होता. पण टर्मक्सचे कामच ते. परिणामी २०२० मध्ये प्ले स्टोअरवरचे त्याचे अद्ययावतीकरण थांबले आणि मुख्य आवृत्ती एफ-ड्रॉइड या मोकळ्या ॲप-भांडाराकडे व गिटहबकडे गेली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये ॲपांनी मागे सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर एकूण ३२ ची मर्यादा आली. एक साधा डेस्कटॉप सुरू केला तरी ही संख्या भराभर वाढते, आणि मर्यादा ओलांडली की काम चालू असताना प्रक्रिया मारल्या जातात. बॅटरी वाचवणे हा हेतू रास्त होता. तक्रारी झाल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत डेव्हलपर पर्यायांतून ही मर्यादा उठवण्याची सोय आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की पुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायचे असले तरी त्याच्या विकासकाची ओळख पडताळलेली असावी लागेल. याची सुरुवात २०२६ मध्ये काही देशांतून करायची असे ठरले. फसव्या ॲपांनी लोकांचे पैसे जातात, हे कारण भारतात कोणालाही पटेल. एफ-ड्रॉइडने विरोध केला, कारण अशा मोकळ्या भांडारांचा पायाच त्यामुळे डळमळतो. अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे गूगलने नंतर सांगितले. ती वाट किती रुंद असेल, यावर टर्मक्ससारख्या साधनांचे भवितव्य बरेच अवलंबून आहे.

भारतात या वादाला आणखी एक बाजू आहे, ती यूपीआयची. चिकपेटेत सुटे पैसे शोधण्याऐवजी लोक कोड स्कॅन करतात. बूटलोडर उघडलेला किंवा रूट केलेला फोन अनेक बँकांची ॲप ओळखतात आणि चालायला नकार देतात. बँकेची बाजू समजण्यासारखी आहे: खालचा थर बदललेला असेल तर वरच्या थराची हमी ती कशी देणार? मालकाची बाजूही तितकीच खरी आहे: पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत काय चालवायचे हे मी ठरवणार. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेरीस संकेतस्थळ सुरू केले. त्याचा भर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती यांवर आहे. फोनच्या आतल्या प्रणालीवरचा हक्क ही त्यापुढची पायरी आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे मोकळी चर्चा व्हायला हवी.

तिसरा वाद: कामाला पुरतो का

इथे विद्यार्थी आणि व्यापारी यांची उत्तरे वेगळी येतात.

विद्यार्थ्याला पायथन, सी, गिट, आर, लाटेक, लिबरऑफिस लागते. डेबियनने २०१५ च्या आवृत्तीपासून फोनच्या जातीच्या, म्हणजे ६४-बिट आर्म प्रोसेसरला अधिकृत आधार दिला आहे, त्यामुळे यातले जवळजवळ सगळे तयार मिळते. घरात दुसरा संगणक नसलेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे.

व्यापाऱ्याचा संगणक म्हणजे टॅली. ही कंपनी बंगळूरचीच. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि भरत गोएंका यांनी पेउट्रॉनिक्स या नावाने तिची सुरुवात केली, ती घरच्या धंद्याच्या हिशेबाची गरज भागवण्यासाठी. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि तिची भाषा इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरची. कंटेनर प्रोसेसरची भाषा बदलून देत नाही. त्यासाठी बॉक्स६४ किंवा फेक्ससारखा अनुवादक आणि वर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे वाइन लागते. या मार्गाने काही प्रोग्राम चांगले चालतात, पण ज्यावर वस्तू व सेवा कराचा हिशेब अवलंबून आहे असा प्रोग्राम एवढ्या थरांवर रचणे जोखमीचे आहे. म्हणून बरेच जण टॅली दुसरीकडच्या सर्व्हरवर ठेवतात आणि फोनवरून दूरस्थ डेस्कटॉपने उघडतात. ते तर कंटेनरशिवायही होते.

दुसरी अडचण डिजिटल सहीची. कंपन्या आणि एलएलपींना वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे दाखल करताना ही सही लागते, आणि ती यूएसबीच्या छोट्या टोकनमध्ये असते. प्रूटमधल्या डेबियनला ते टोकन दिसतच नाही. एकल मालकीच्या दुकानदाराला ओटीपीने पडताळणी करता येते, त्यामुळे त्याचे काम साध्या ब्राउझरवर भागते. नेटवर्कवरचा प्रिंटर चालतो. यूएसबीचा पावत्या छापणारा प्रिंटर थेट जोडायचा म्हटले की अडते.

तिसरी बाब तारांची. मोठ्या पडद्यासाठी फोनच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर यावे लागते. पिक्सेल ८ मध्ये ही सोय जून २०२४ च्या अद्ययावतीकरणाने आली. स्वस्त फोनांत ती सहसा नसते; खाच दिसायला तीच असते, पण आत यूएसबी २.० असते. एस. पी. रोडवर पडदा आणि कीबोर्ड जोडणारा यूएसबी हब घेण्याआधी आपल्या फोनचे हे एक वैशिष्ट्य पाहून घेतले तर पैसे वाया जात नाहीत. हब असा घ्यावा की त्यातून चार्जिंगही होईल, नाहीतर पडदा, कीबोर्ड आणि माउस मिळून बॅटरी लवकर बसवतात.

आणि या सगळ्याशी स्पर्धा करतो तो त्याच रस्त्यावर मिळणारा दुरुस्त केलेला लॅपटॉप. हब, मॉनिटर, कीबोर्ड यांचा खर्च बेरजेत धरला की कित्येकांना तोच व्यवहार्य वाटतो. फोनची बाजू घेणारे सांगतात की मॉनिटर दुकानात, दुसरा घरी, आणि मधला सारा पसारा खिशात, ही सोय लॅपटॉपला नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मराठीचे काय

डेस्कटॉप आला की लिहिणे आले. नव्याने बसवलेल्या कंटेनरमध्ये देवनागरीच्या जागी बहुधा रिकामे चौकोन दिसतात, कारण टंकच नसतो. डेबियनमध्ये देवनागरी टंकांचा संच आहे आणि त्यात लोहित आहे, जो रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळला. टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन यांच्या जोडीतून मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही आराखडे मिळतात. बाहेरचा कीबोर्ड जोडला की काम नीट होते. फोनच्या पडद्यावरच्या कीबोर्डने मराठी लिहायचे तर मात्र अक्षरे अँड्रॉइडकडून पडद्याच्या ॲपकडे आणि तिथून डेबियनकडे जातात, आणि जोडाक्षरे वाटेत तुटण्याचा संभव असतो. कंटेनर बसवण्याच्या सूचनांमध्ये या बाबी क्वचितच लिहिलेल्या असतात. मराठीत नीट लिहिलेली, टप्प्याटप्प्याची मार्गदर्शिका ही आज खरी गरज आहे.

उलट दिशेची वाट

काही जणांनी हा प्रश्न उलटा मांडला आहे. अँड्रॉइडच्या आत लिनक्स ठेवण्याऐवजी लिनक्स मुख्य करायचा आणि अँड्रॉइडला कंटेनरमध्ये बसवायचे. २०१७ मधल्या अॅनबॉक्सने आणि नंतर २०२१ मधल्या वेड्रॉइडने हे करून दाखवले. कॅनॉनिकलने सोडून दिलेली उबुंटू टच ही फोनप्रणाली यूबीपोर्ट्स या स्वयंसेवी संस्थेने जिवंत ठेवली. हॅलियम या जोडथराच्या साहाय्याने ती फोनच्या कॅमेऱ्यापासून मोडेमपर्यंतचे अँड्रॉइडचे चालक कंटेनरमध्ये चालवते. फोनला दहा वर्षांचे आयुष्य देऊ पाहणारा पोस्टमार्केटओएस हा प्रकल्पही २०१७ चाच. या वाटेवर मालकी पूर्ण आपली असते, मात्र बँकांची ॲप इथे सहसा साथ देत नाहीत आणि आधार असलेले फोन मोजके आहेत.

अनिर्णित मुद्दे

तंत्राचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. फोनवर डेस्कटॉप चालतो, वेगवेगळ्या मार्गांनी चालतो, आणि प्रोसेसर त्याला पुरून उरतो. तीन प्रश्न अजून उघडे आहेत.

पहिला टिकाऊपणाचा. लिनक्स ऑन डेक्स एका अद्ययावतीकरणाने गेले, टर्मक्सला एकामागून एक नियमांनी जेरीस आणले. गूगलच्या टर्मिनलला दीर्घकाळ आधार राहील याची हमी अजून कोणी दिलेली नाही. दुसरा समानतेचा. व्हर्च्युअल मशीन महागड्या फोनांपुरते राहिले, तर ज्याला लॅपटॉप परवडत नाही त्यालाच ते मिळणार नाही. सिम्प्युटर ज्यांच्यासाठी कल्पिला गेला, तीच माणसे पुन्हा बाहेर राहतील. तिसरा विश्वासाचा. बँकेची सुरक्षा आणि मालकाचा हक्क एकाच फोनवर नांदू शकतील अशी रचना शक्य आहे, आणि वेगळा कर्नल असलेले व्हर्च्युअल मशीन हे तिचे आजचे सर्वांत आश्वासक रूप दिसते. पण कोणत्या फोनवर ते द्यायचे हे अजून चिप बनवणारे आणि फोन विकणारेच ठरवतात.

तोवर व्यवहारातला सल्ला कामागणिक बदलतो. ज्याचा हिशेब, सही आणि कराची मुदत संगणकावर टांगलेली आहे, त्या दुकानदाराने फोनमधला डेस्कटॉप प्रवासात कागदपत्रे पाहण्यापुरता वापरावा आणि मूळ काम संगणकावर ठेवावे. शिकणाऱ्याने मात्र थांबू नये. टर्मक्स आणि प्रूट यांच्यासाठी फोन रूट करावा लागत नाही, बँकेचे ॲप बंद पडत नाही, आणि बिघडले तर एक फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घेतली, की एवढ्या साधनावर संगणकशास्त्राचा पुष्कळ अभ्यास होऊ शकतो.